वास आपल्या पायानं येतो

माझ्या वहिनीच्या स्वप्नांना वास होता. इतरांच्या स्वप्नांत माणसं येतात, साप येतात, मेलेली माणसं दारात उभी राहतात आणि न बोलता निघून जातात. वहिनीच्या स्वप्नात फोडणी यायची. करडईच्या तेलात लसूण हळूहळू लाल व्हायचा, त्याचा वास उंबऱ्यावरून ओसरीत आणि ओसरीतून अंगणात जायचा, आणि वहिनी झोपेतच सुखानं कूस बदलायची. जाग आली की काहीच नाही. मग ती डोळे मिटून तशीच पडून राहायची, पुन्हा झोप लागते का बघत. जागेपणी तिला कशाचाच वास येत नव्हता, आणि ही गोष्ट तिनं घरात कुणालाही सांगितलेली नव्हती.

वहिनीचं नाव सत्यशीला. माझ्या थोरल्या भावाची, आदिनाथदादाची बायको. धारूरहून केजच्या अंगाला निघालं की डोंगराच्या उतरणीवर आमचं गाव लागतं. मला दिली अंबाजोगाईला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मुलं पांगली, नवरा निवृत्त होऊन टीव्हीपुढं बसला, पण येळवशीला मी माहेरी गेले नाही असं एकदाही घडलेलं नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गावाला कुलूप आणि शिवाराला जाग. शेतात कडब्याची कोप, म्हणजे बुटकं खोपटं, उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पाच पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा, आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची आणि मग झाडाखाली पोट फुटेस्तोवर जेवायचं. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं. मी देवभोळी नाही. मी जायची ती वहिनीच्या भज्जीसाठी, हे पांडवांनाही ठाऊक होतं.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. त्या दिवसांत रानात जे जे हिरवं असतं ते सगळं एका पातेल्यात. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वालाच्या शेंगा, वाटाणा, गाजर, वांगी, कांद्याची पात, लसणाची पात, चिंचेचा कोळ आणि शेवटी हरभऱ्याच्या पिठाचा हात. वाचायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल. पाच घरांत पाच भज्ज्या होतात आणि त्यातल्या चार नुसत्या मिसळलेल्या भाज्या असतात. वहिनीची भज्जी मात्र एकच एक काहीतरी व्हायची. त्यात वाल कुठला आणि वांगं कुठलं हे जिभेला विचारावंसंच वाटायचं नाही.

आणि हे सगळं न चाखता. नैवेद्याचं आहे, तेव्हा पांडवांच्या आधी जिभेला लावायचं नाही, हे तर सगळीकडेच आहे. आमची आई, गीताबाई, त्याच्याही पुढची होती. ती हुंगूही द्यायची नाही. "हुंगलेलं फूल देवाला चालत न्हाई, मग हुंगलेली भाजी चालंल का?" असं तिचं म्हणणं. वहिनी नवी नवरी होऊन आली त्या पहिल्या येळवशीला तिनं सवयीनं पातेल्यावर वाकून वास घेतला, आणि आईनं अख्खी भज्जी उचलून म्हशीपुढं ओतली. म्हशीनं ती येळवस फार आनंदात केली. वहिनी रडत बसली, तेव्हा आईनं तिला चुलीपासून हातभर मागं ओढून बसवलं आणि म्हणाली, "नाक भांड्यात घालायचं न्हाई. वास आपल्या पायानं येतो. यायच्या टायमाला येतो. तवर हात गुडघ्यावर ठिवून गप बसायचं." वहिनी गप बसायला शिकली. पुढं आई गेली, पण वहिनीचं ते मागं सरून बसणं कायम राहिलं. पातेलं रटरटत असायचं, ती डोळे अर्धे मिटून बसलेली, आणि मधेच उठून पीठ लावायची. का आत्ताच, तर वास आला म्हणून.

इतकी नेमाची बाई, मग सुनेशी वाजणारच. सून मोहिनी, वहिनीच्या मुलाची, प्रविणची बायको, माहेर कडा गावचं. तिकडे येळवस नाही. माहेरी तिनं साखर कारखान्याचा हंगाम पाहिलेला, पांडव टीव्हीवर पाहिलेले. स्वयंपाकाची मात्र भारी हौस. पनीर, मशरूम, मोबाइलवर बघून कसले कसले सॉस. पहिल्याच येळवशीला तिनं भज्जीत फ्लॉवर घालू का म्हणून विचारलं.

"पांडव काय फ्लॉवर खात व्हते का?" वहिनी म्हणाली.

"मग मिरची तरी खात होते का, आई?" मोहिनीनं साधेपणानं विचारलं.

मी ठसका लागेस्तोवर हसले. वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले. पण मलाही गप्प बसवत नाही. मी तिला बहात्तरच्या दुष्काळाची आठवण करून दिली. शिवारात हिरवं पान नव्हतं तेव्हा आईनं उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली गवार आणि मेथी भिजवून भज्जी केली होती, आणि बाजरी नव्हती म्हणून परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीचे वाफवलेले उंडे. पांडवांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. वहिनी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "ती अडचन व्हती, वन्सं. शौक न्हवता."

मग ती करोनाची दुसरी लाट आली. वहिनीला ताप आला, ती मागच्या खोलीत पंधरवडाभर एकटी पडून राहिली आणि बरी झाली. वास गेला होता तो घरात सगळ्यांचाच गेला होता. दादाचा आला, प्रविणचा आला, मोहिनीचा आला. प्रविणनं आईला विचारलं, "आला का गं?" आणि वहिनी म्हणाली, "आला." आज ना उद्या येईलच, मग कशाला पोराला बीडच्या दवाखान्याची धावपळ लावा, एवढाच तिचा विचार. तो काही आला नाही. आणि एकदा आला म्हटल्यावर, नाही आला म्हणायचं कसं? नावात सत्य घेऊन बाई खोटं बोलत राहिली. पण खरं कारण दुसरं होतं. तिला भीती होती की हे कळलं तर घरातले प्रेमानं, काळजीनं, अगदी गोड बोलून तिला चुलीपासून उठवतील आणि खाटेवर बसवतील. त्या घरात तिला दुसरं कुठलं आसन नव्हतं.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्हाला दिसलं ते एवढंच की वहिनी बिघडली. आंबट, खारट, तिखट जिभेला कळत होतं. त्याच्या पलीकडचं सगळं पुसलं होतं. मग जे कळतं त्याच्याच मागं ती लागली. मोरीपाशी पुदिना लावला आणि तो पिठल्यात घालू लागली, कारण पुदिन्याचा गारवा तेवढा जाणवायचा. चिवड्यात कच्च्या नूडल्स चुरून घातल्या, कुरकुर होते म्हणून. आमटीत मका आला. थालीपिठात चाट मसाला आला. एकदा माझ्या ताटात दोडक्याच्या भाजीवर डाळिंबाचे दाणे होते. मी दादाला म्हटलं, "हे काय चाललंय? म्हातारपणी मोबाइल चावला का काय वहिनीला?" दादा बापडा मान खाली घालून पुदिन्याचं पिठलं खात होता. प्रविण म्हणायचा, आईनं आता हॉटेलच टाकावं. आणि मोहिनी, जिला फ्लॉवर मिळाला नव्हता, ती सगळं निमूट खायची आणि वर चांगलं झालंय म्हणायची. मला वाटायचं, ही सूड घेतेय.

येळवशी तेवढ्या अवघड जायच्या. तिथं चाखायचं नाही, म्हणजे आंबट-खारटाचाही आधार नाही. वहिनी कान लावायची. पाणी कमी झालं की रटरट जड होते, तेवढ्यावर पीठ लावायची. एका वर्षी पीठ कच्चं राहिलं. पुढच्या वर्षी वांग्याचा लगदा झाला. लोक म्हणाले, यंदा तुरीला चवच नाही. गावात सुगरण म्हणून एकदा नाव झालं की भाजी बिघडली तरी दोष तुरीला जातो. पण वहिनी वाढता वाढता बघत होती की दुसऱ्यांदा कुणी मागत नाही. मीही मागितलं नव्हतं.

एवढं असूनही तिच्याजवळ तो वास होता, कारण स्वप्नं होती. दिवसभर नाकापुढं कोरी भिंत आणि डोळा लागला की सगळं परत. स्वप्नात ती आमच्या जुन्या चुलीपुढं असायची, शेजारी आई बसलेली, दोघींचे हात गुडघ्यांवर. बोलणं काहीच नाही. बाहेर ज्वारीत धुकं उतरलेलं असायचं, आणि पातेल्यातून भज्जीचा वास निघून आधी आईपाशी जायचा, आई मान हलवायची, मग तो वहिनीपाशी यायचा. वहिनीनं मागाहून सांगितलं की कधी कधी ती दुपारीसुद्धा मुद्दाम आडवी व्हायची, त्या वासासाठी. घरातल्यांना वाटायचं, आजारानं अशक्तपणा आलाय.

यंदा तुरी भरायला लागल्या तेव्हा तिला तेच स्वप्न पडलं. तीच चूल, तेच धुकं. आईनं मान हलवली. वहिनी वाट बघत राहिली. वास आईपासून निघाला आणि तिच्यापर्यंत आलाच नाही. ती स्वप्नातच आईला विचारायला गेली, तर आई उठून धुक्यात निघाली होती. नंतर पुन्हा पडलं, तेव्हा पातेल्यात नुसती वाफ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिनी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वहिनी तिच्या शेजारी बसली, चार शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "मोहिनी, मला वास यायला न्हाई."

"माहीत आहे मला, आई."

"कवापासून?"

"तुम्ही दुधात बोट घालून चाखायला लागलात तेव्हापासून. आधी नुसतं झाकण काढलं तरी कळायचं तुम्हाला." मोहिनी सोलत राहिली. "नासलेलं काही तुमच्या हाताला लागू दिलं नाही मी. करपायला लागलं की काहीतरी निमित्त काढून आत यायचे."

"मग बोललीस कावून न्हाई?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती म्हणाली की तिला भ्या वाटत होतं, चूल हातातून जाईल म्हणून. मोहिनी म्हणाली, "चुलीचं काय घेऊन बसलात, गॅस तर कवाचाच माझ्याकडं आहे." दोघी हसल्या. हसता हसता वहिनीला रडू आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"चुलीचं जाऊ दे," ती म्हणाली. "आता सपनात बी यायचा बंद झालाय. आज अजून ध्यानात हाय, उद्या कुनाला ठाव. एवढ्या येळवशीपुरता तरी राहील वाटतंय. तवर तुला दिला पायजे, न्हाईतर तो गेला. सासूबाईनं दिलेला मी हरवला आसं व्हईल."

आता वास द्यायचा कसा? डबा आहे का, भरून द्यायला? एकीजवळ नाक होतं पण तिनं ती भज्जी तिच्या खऱ्या रूपात फारशी खाल्लेलीच नव्हती. दुसरीजवळ भज्जी होती पण नाक नव्हतं. मग दोघींनी रोज थोडी थोडी करायला घेतली, मुठीमुठीनं, लहान पातेल्यात. मोहिनीला उंबऱ्यावर बसवायचं, पातेल्यापासून लांब. वहिनी चुलीपाशी. "काय यायलंय?" वहिनी विचारायची.

"ओल्या पोत्यासारखं येतंय."

"तो वाल हाय. अजून येळ हाय त्याला. आता?"

"आता शाळेतल्या नव्या पुस्तकासारखं."

वहिनी घोटाळ्यात पडायची. तिची शाळा चौथीला सुटलेली, नवं पुस्तक तिनं हुंगलं होतं की नाही हेही तिला आठवेना. मग ती दुसऱ्या वाटेनं जायची. चिंच घातल्यावर नाकात मागच्या बाजूला काही टोचतं का? तूर शिजली की गोड वाटतं, ते आलं का? आणि शेवट, पीठ लावून झाकण ठेवल्यावर, उन्हात वाळलेल्या गोधडीत तोंड खुपसल्यावर येतो तसा ऊबदार वास आला की उतरवायचं. "त्या गोधडीसाठी बसायचं बग," ती सांगायची. मोहिनी डोळे मिटून बसायची. प्रविण येता-जाता बघायचा आणि सासू-सुना दोघी एकदम कामातून गेल्या अशा समजुतीनं बाहेर जायचा.

मी पोचले ती येळवशीच्या आदल्या संध्याकाळी. पहाटे उठून बघते तर हीच तऱ्हा. बाहेर कुडकुडणारी थंडी, अंगणात धुकं, घरात चुलीचा तांबूस उजेड. वहिनी चुलीपुढं आणि सून उंबऱ्यावर मांडी घालून, डोळे मिटून, जशी काही समाधीला बसलीय.

"ही कावून दारात बसलीय?" मी विचारलं. "सैपाक कोन करणार, मी?"

वहिनीनं पळी ठेवली आणि सगळं सांगितलं. मागच्या खोलीतल्या तापापासून धुक्यात गेलेल्या आईपर्यंत. मधे मधे उठून ती शेंगा टाकत होती, वांगी टाकत होती, आणि सांगत होती. मी तिथंच पाटावर बसून राहिले. पुदिन्याच्या पिठल्यावर मी काय काय बोलले होते ते मला एकेक आठवत होतं.

चिंच पडली. मोहिनी म्हणाली, टोचलं. तूर गोड झाली. पीठ लागलं. झाकण बसलं. वहिनी मागं सरून बसली, हात गुडघ्यांवर.

आम्ही तिघी वाट बघत होतो. चुलीत लाकूड सरकलं. धुकं दारातून आत यायचं आणि उंबऱ्याशी विरायचं. मला तर झोपेत असल्यासारखं वाटत होतं.

"हिरवं येतंय," मोहिनी म्हणाली. "आंबट येतंय. पण आई, गोधडी येत नाही."

"जरा सबुर कर."

सबुरी केली. पुन्हा तेच. वहिनीनं झाकणाला कान लावला. रटरट जड झाली होती. तिच्या कानानं सांगितलं की आता उतरव, आणि आणखी ठेवलं तर गेल्या वर्षीसारखा लगदा होणार होता.

"सासूबाई जे जे घालायच्या ते समदं घातलंय," वहिनी म्हणाली. "आता घालायला काय बी उरलं न्हाई." आणि मग, मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. तिनं सुनेला विचारलं, "काय घालू गं?"

मोहिनीनं पुन्हा एकदा डोळे मिटले. "माझी आई भाजलेल्या तिळाचं कूट घालते," ती म्हणाली, "शेंगांच्या भाजीत, उतरवायच्या आधी. ते उन्हातल्यासारखं येतं. पण ते इथलं नाही."

तिळाचा डबा फळीवर होता, भाकरीला लावायला ठेवलेला. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय सांगणार? चाखायचं नाही. चुकलं तर कळणार पांडवांना नैवेद्य दाखवून झाल्यावर, सगळ्या पंगतीसमोर. आई असती तर पातेलं म्हशीपुढं गेलं असतं. वहिनी उठली, तव्यावर तीळ टाकले. ते तडतडले ते तिला ऐकू आले, आणि ऐकूनच तिनं तवा उतरवला. खलबत्त्यात दोन ठोके दिले आणि कूट पातेल्यात सोडलं.

बऱ्याच वेळानं मोहिनी म्हणाली, "आली."

उन्हं अंगावर आली तेव्हा आम्ही शेतात होतो. दादानं घोंगडीची खोळ घेऊन आंबिलाची घागर डोक्यावरून आणली. ज्वारी निसवली होती, कणसांवर दव होतं, आणि धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, त्यामुळे शेजारच्या शेतातली माणसं नुसती हाकांपुरती होती. कोपीत पांडव पांढरेशुभ्र बसले होते. नैवेद्य झाला, फेरी झाली. बांधावरून शेरडं घेऊन निघालेल्या राधाकिशनला प्रविणनं हाक मारून पंगतीत बसवलं. मोहिनी वाढत होती. राधाकिशननं पहिली वाढ संपवली आणि द्रोण पुन्हा पुढं केला. मोहिनीनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या ताटापुढं उभी होती.

"खावा, वन्सं. आन खरं सांगा. मन राखू नका."

मी घास घेतला. हिरवं, आंबट, मग तुरीचा गोडवा, आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या मागं कुठंतरी तिळाची ऊब. मी दुसरा घास घेतला. सुरेख होती. मला जन्मात कधी खोटं बोलता आलं नाही, आणि येळवशीच्या दिवशी ते शिकायला बसायची माझी इच्छा नव्हती.

"ही तुमची भज्जी न्हाई, वहिनी."

मोहिनीची पळी हवेतच थांबली.

"चांगली हाय का?" वहिनीनं विचारलं.

"लई चांगली हाय. पन ती न्हाई."

वहिनी माझ्याशेजारी ढेकळांतच खाली बसली. मग म्हणाली, "मोहिनी, इकडं ये. बस. वन्सं आता सांगत्यात ती कशी व्हती. ध्यान दिऊन ऐक. माझ्या ध्यानातलं आता भरवशाचं न्हाई, आज पहाटं बी मी गोधडी गोधडी म्हनत व्हते, पन ती खरंच तशी व्हती का मीच म्हनायले, मला बी कळंना गेलंय. वन्संनी आयुष्यभर खाल्लीय. त्यांच्या जिभंवर आसंल." आणि माझ्याकडे वळून, "सांगा."

मोहिनी येऊन बसली. दोघी माझ्या तोंडाकडे बघू लागल्या.

मी डोळे मिटले. पहिल्यांदा तीळच आले. मी पाणी प्यायले, चूळ भरली, पुन्हा डोळे मिटले. आई दिसली. तिच्या लुगड्याचा काठ दिसला. भज्जी खाणारी म्हैस दिसली. वहिनीचे तरुणपणीचे हात, पिठाने भरलेले, बांगड्या कोपराकडे सारलेल्या. कोण कुठं बसायचं, कोण शेवटी उठायचं, कुणाच्या द्रोणातून रस गळायचा, सगळं दिसत होतं. मी द्रोण तोंडाला लावतेय हेही दिसत होतं. द्रोणात काही नव्हतं.

"आठवंना, वहिनी," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते मी पुसलंही नाही. "ही ती न्हाई एवढं कळतंय. पन ती कशी व्हती, ते मला बी आठवंना."

मला वाटलं, आता ही कोसळणार. मग तिच्या गळ्यातून एक बारीक आवाज आला, आणि मला कळायला वेळ लागला की ती हसतेय. आजारपणानंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"मग बरंच झालं की, वन्सं," ती म्हणाली. "आता हिच्यापेक्षा ती चांगली व्हती म्हननारं कुनी उरलंच न्हाई."

तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. माझ्याच ताटातला द्रोण उचलून तिनं मोहिनीपुढं धरला आणि म्हणाली, "वाढ गं, मला बी."